न आलेला शब्द

दौलतराव बाजारात गेले की खताच्या पोत्यावरचा नाहीतर ट्रकवरचा एखादा इंग्रजी शब्द ध्यानात ठेवून आणत आणि लेकीला अर्थ विचारत. नर्सिंग शिकणारी नीलिमा कधीच अडली नव्हती.

आज अकोल्याच्या दवाखान्यातून बाहेर पडताच त्यांनी विचारलं, "डॉक्टर माह्याबद्दल त्या दुसऱ्या डॉक्टरले सांगून राह्यले होते, पॅलिएटिव्ह. म्हंजे काय वं?"

इलाज संपला, आता फक्त दुखणं कमी करायचं, हा अर्थ नीलिमाला पाठ होता.

"हा मले नाही येत, बा."

"हारली माही पोरगी," दौलतराव खुशीत हसले. घरी गेल्यावर तिला पुस्तकात पाहता यावा म्हणून एसटीत थेट मेडशीपर्यंत ते तो शब्द घोकत राहिले.