दुधातले पाच थेंब

सिस्टरने दुधात क्रिओसोटचे पाच थेंब टाकले आणि दुसऱ्या हातात तस्त तयार ठेवलं. १९२६ साली क्षयावर हे औषध देत. आठ दिवस ठकूला प्रत्येक घोटाला उलटी होत होती. आज औषध पोटात टिकलं नाही, तर डॉक्टर उपचार थांबवून तिला घरी पाठवणार होते.

रविवार म्हणून नवरा भेटायला आला होता. बाटली हुंगून तो हसला. “अगं, हा तर आमच्या तेलाचा वास! रुळांखालच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून दिवसभर तेच फासतो.”

“तरीच! सहा वर्षं तुमचे सदरे धुतेय, साबण संपतो पण हा वास जात नाही.”

“लाकूड वीस वर्षं टिकतं त्यानं.”

“मी लाकूड होय?” म्हणत ठकूने त्याची बाही नाकाशी नेली, मग डोळे मिटून हळूहळू दूध संपवलं. सिस्टर अर्धा तास थांबली. तस्त कोरडंच राहिलं.

तो निघताना तिने विचारलं, “सदरे कोण धुतं हल्ली?”

“शेजारच्या वहिनी.”

“त्यांना सांगा, आता थोडेच दिवस. मग मीच येऊन धुईन.”