दुसऱ्या कंट्रोलरचा माइक

धाकट्या दिरांनी बोटीवरून येताना आणलेला तो व्हिडिओ गेम इथल्या दुकानांतल्यासारखा नव्हता. त्याच्या दुसऱ्या कंट्रोलरला इवलासा माइक होता. त्यात बोललं की आवाज थेट टीव्हीतून यायचा. माझी लेक रोज हरायची आणि माइक तोंडाशी धरून सगळ्या घराला ऐकवायची, "आई, दादा रडीचा डाव खेळतोय!"

नऊ वर्षांची व्हायच्या आतच ती तापाने गेली. त्यानंतर मी त्या गेमला कुणाला हात लावू दिला नाही. "नुसती धूळ कशाला जपतेस?" मुलगा चिडायचा. परवा मात्र, कान पुरते जायच्या आत, मीच तो दुरुस्तीवाल्याकडे नेला.

"आजी, अजून ठणठणीत आहे की! असा माइकवाला तर मी पहिल्यांदाच बघतोय," तो खुशीत म्हणाला. "बोला, कुठला खेळ लावू?"

"खेळ नको रे. माझी लेक त्या माइकमध्ये बोलायची, ते लाव."

त्याने टीव्हीचा आवाज बारीक केला.



"आजी, यात बोललेलं तेव्हाच ऐकायचं असतं... मागे काही राहत नाही."