शुक्रवारचं तेल

शुक्रवार असून हरिणी डोक्याला तेल लावून घेत नव्हती. सीतालक्ष्मीबाईंना हे खपणं शक्यच नव्हतं. कुंभकोणमच्या त्या घरात बायकांचं शुक्रवारचं न्हाणं कधी चुकलं नव्हतं, आणि ही नात ऐन उकाड्यात ओढणी गुंडाळून बसलेली!

“बस गे पुढे. तेल निवतंय.”

“नको आजी, डोकं दुखतंय.”

“मग तेल कशाला असतं? बघतेय मी, हल्ली मागल्या दाराने जातेस, मागल्या दाराने येतेस. कम्प्युटर क्लासला असं चोरासारखं जातात होय?”

बाईंनी ओढणी खसकन ओढली. मान लालबुंद. दंड भाजल्यासारखे, खांद्यावरची साल सुटलेली.

“कुठे होतीस?”

“तिरुविसनल्लूरला. आपल्या शेतावर.” हरिणीने मान खाली घातली. “लावणीला माणसं मिळेनात, तू शेत विकायला काढलंस. म्हणून यंत्र आणलं भाड्याने. मीच चालवते.”

बाईंचं घराणं तंजावरच्या दरबारातलं. आमच्या बायकांच्या पावलाला चिखल लागत नाही, हे उभ्या गल्लीला त्यांनीच ऐकवलेलं.

तेवढ्यात सून मधुमिता बेसन आणि लिंबू घेऊन आली. “आत्याबाई, रविवारी लग्नात सगळी भावकी भेटणार. काय ध्यान दिसतंय हे! जरा चोळून काढते.”

“सोललेल्या अंगावर लिंबू? आई आहेस की वैरीण? ठेव ते.”

तेलाची वाटीही त्यांनी लांब सारली. जुनं मऊ धोतर गार पाण्यात भिजवून पोरीच्या मानेवर ठेवलं. मग परसातली कोरफड चिरली आणि गर बोटाच्या टोकाने लावत राहिल्या. हरिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“लावणी संपली?”

“कालव्याकडचा तुकडा राहिलाय. पण आता नाही जाणार, आजी. शपथ.”

बाईंनी तिची हनुवटी वर उचलली.

“जाशील. अंग निवलं की जाशील, लांब बाह्यांचा सदरा घालून, डोक्याला पंचा बांधून. आणि पुढच्या दाराने जाशील, साऱ्या गल्लीदेखत. आपल्या घरची बाई शेतावर निघालीय, तोंड कशाला लपवायचं?”