उलटी पावलं

चिखलात चुना आणि सिमेंट कालवून आम्ही जमीन घट्ट करत होतो. दादा रोलर चालवायचा, मी पाणी मारायचो.

तिसऱ्या सकाळी सपाट केलेल्या थरावर अनवाणी पावलं दिसली. ती आत रुतलेली नव्हती, वर फुगलेली होती; जणू कुणी जमिनीच्या खालच्या अंगाने चाललं होतं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

दादाच्या डाव्या पायालाही नाही.

"मातीत दम नाही, दुसरं काही नाही," मुकादम म्हणाले. "सिमेंट वाढवा."

वाढवलं. तरी रोज पावलं उमटायची आणि रोज दादा त्यांच्यावरून रोलर फिरवायचा. दोन पावलांमधलं अंतर मात्र दिवसेंदिवस कमी होत गेलं.

आज थराचा दगड झाला होता. पावलं नव्हती. मुकादमांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि ते चहाला गेले.

रोलरच्या पुढ्यात दोन तळहातांचे ठसे वर फुगलेले होते, बोटं फाकलेली. दादाने वाकून त्यांच्यावर आपले हात टेकवले. तंतोतंत बसले.

"दादा, खणू या का?"

"आता पहारही आत शिरणार नाही," तो म्हणाला, हात पँटला पुसले आणि रोलरवर चढला.