ओढून पाहिलेलं कुलूप

डॉक्टरांनी मला रक्त पातळ करायची गोळी सुरू करायचं ठरवलं, पण आधी जनुकांची तपासणी सांगितली. हे कळताच माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान मुकुंदराव डमडमहून बालीगंजला आले.

"ताई, त्या गोळीवर विश्वास ठेवू नका. आणि त्या लॅबवर तर मुळीच नको."

"अहो, तुमचा तर स्वतःवरही विश्वास नाही!" मी हसत म्हटलं आणि जीभ चावली.

माझी बहीण सरला हीच गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. गोळ्या मुकुंदराव स्वतःच्या हाताने द्यायचे. तेव्हापासून घरातून निघताना ते लावलेलं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघतात.

रिपोर्ट घ्यायला ते हट्टाने सोबत आले. बंगाली डॉक्टर मला मावशी मानून म्हणाले, "माशीमा, इतरांना देतो तेवढी गोळी तुम्हाला दिली, तर रक्तस्राव होईल. तुम्हाला अगदी थोडी पुरे. हे जन्मजात असतं, सख्ख्या भावंडांतही बऱ्याचदा सापडतं."

बाहेर आल्यावर मुकुंदराव टॅक्सीला हात करायचंच विसरले.

 

"म्हणजे ताई, मी सरलाला चुकून दोनदा गोळी दिली नव्हती?"