शिकवलेला माणूस

"तुम्ही शिकवलेला माणूस कुठंय?" परीक्षकबाईंनी यादीवर पेन टेकवून विचारलं.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. सरकारी कौशल्य केंद्रात मोटार वाइंडिंगचा प्रशिक्षक व्हायचं, तर नुसतं स्वतःचं काम दाखवून भागत नव्हतं. आपण तयार केलेला एक कारागीर सोबत आणायचा आणि त्यानं परीक्षकांसमोर मोटार भरून, म्हणजे तिच्यात नवी तार गुंडाळून दाखवायची, असा नियम होता. मास्तरांची स्वतःची परीक्षा सकाळीच आटोपली होती. चाळीस वर्षं जळक्या मोटारी भरल्या, त्यात त्यांना काय अवघड! वाट होती ती मुलाची.

मुलाचा फोन अकराला आला. "बाबा, सुट्टी नाही मिळत," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "आणि खरं सांगू? मला आता त्यातलं ओ की ठो आठवत नाही. तिथं येऊन उगाच तुमची शोभा करायची."

दुकान बंद करून त्यांना वर्ष झालं होतं. मोटार जळली की लोक आता सरळ नवी आणत. घरात बसून बसून मास्तर पंख्याच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगायचे, आणि ऐकायला कोणी नसायचं. केंद्राकडून परीक्षेचं पत्र आल्यापासून मात्र ते रोज दाढी करायला लागले होते.

"कोणी नसेल तर पुढच्या वर्षी या," बाई म्हणाल्या.

"मी आहे ना."

मास्तरांनी वळून पाहिलं. त्यांची मुलगी, चाळिशीला आलेली. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर ती कामाला होती. बाबांचा गुडघा धरला म्हणून आज रजा टाकून त्यांना स्कूटरवर घेऊन आली होती.

"चेष्टा आहे का ही?" मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "चारचौघांत लाज आणशील."

"बसा तुम्ही, बाबा."

तिनं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, बाह्या वर सारल्या. समोर पोट रिकामं केलेली मोटार होती. तिनं आधी खाचांवरून बोट फिरवलं, कुठे धार राहिली आहे का ते बघितलं. एका ठिकाणी थांबली, कानस मागितली, दोनदा घासलं. मग कागद कापून, कडा दुमडून खाचांमध्ये बसवला. तार गुंडाळताना तिचे ओठ मिटलेले होते, पण जीभ आत आकडे मोजत होती. कॉइल खाचेत सरकवताना तिनं नख लावलं नाही, अंगठ्याची कूस लावली. तार अशी दाबणारा आपल्याशिवाय दुसरा माणूस मास्तरांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"कागद एवढा बाहेर का ठेवलात?" बाईंनी मध्येच विचारलं.

"तांबं आणि लोखंड म्हणजे सख्खे शेजारी," ती मान वर न करता म्हणाली. "एकमेकांचं तोंड दिसलं की भांडण पेटलंच."

बाई खळखळून हसल्या. मास्तर हसले नाहीत. ते वाक्य त्यांचं होतं.

अडीच तासांनी मोटार फिरली. आवाज एकसारखा होता. मास्तरांनी डोळे मिटून ऐकला, त्यात खोट नव्हती.

"किती वर्षं शिकलात यांच्याकडे?"

"अकरा."

"उगाच नाही हात बसला," बाई मास्तरांकडे वळल्या. "शिकवण्याची हातोटी आहे तुमच्याकडे." आणि त्यांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर मास्तर बसले. हातातला सहीचा कागद त्यांनी अजून वाचला नव्हता.

"कधी शिकलीस गं?"

"दादाला शिकवत होतात तेव्हा. मी घर आणि दुकानाच्या मधल्या खिडकीशी अभ्यासाला बसायचे ना. तो चुकला की तुम्ही तणतणायचात आणि परत पहिल्यापासून सांगायचात." ती हसली. "बरं होतं माझं. तो फार चुकायचा."

"आणि हात?"

"दुपारी तुम्ही झोपलात की मागच्या भंगारातली मोटार घ्यायचे. भरायची आणि परत उसवून ठेवायची."

"मला बोलायचंस तरी!"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, हात काळे होतील, आत जा."

मास्तर आठवू लागले. कधी? कुठे उभी होती ही? केवढी होती? काहीच हाती लागेना. मुलाची एकेक चूक त्यांना आजही तारखेसकट सांगता आली असती, आणि हे एवढं वाक्य मात्र आठवणीत कुठेच नव्हतं. बोलून ते पुढच्या कामाला लागले असणार.

ते एकदम गुडघा विसरून उठले.

"हे बघ, सोमवारी माझी पहिली तुकडी सुरू होतेय. पहिलं नाव तुझं घालतो. सरकारी प्रमाणपत्र मिळेल, कुठल्याही कारखान्यात उभं करतील तुला. दवाखान्याची ती खिडकी सुटेल. दादाचं राहू दे, आता तुला शिकवतो. समोर बसवून शिकवतो."

तिनं स्कूटरची किल्ली काढली आणि त्यांना आधाराला हात दिला.

"वयाची अट पस्तीसची आहे, बाबा," ती म्हणाली. "तुमचा अर्ज आणायला गेले होते ना, तेव्हा आधी तेच विचारलं मी."