अख्खा रोल

पुरात बुडणाऱ्या मुलीच्या एका फोटोवर फोटोग्राफरचं सगळं नाव उभं होतं. "मी बटण दाबलं, कॅमेरा खाली घेतला, तोवर ती गेलीच होती," हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्याचं त्यालाही ते खरं वाटायचं. मुलीच्या आईनेही ते मानलं होतं. ती त्याला दादा म्हणायची.

संग्रहालय त्याचं काम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं करणार म्हटल्यावर त्याने निगेटिव्हची पेटी उघडूनही न बघता मोठ्या मनाने देऊन टाकली. उद्घाटनाला मुलीची आई, आता म्हातारी झालेली, त्याच्या शेजारीच बसली होती.

"आम्ही निवडत बसत नाही," संग्रहालयातली कर्मचारी कौतुकाने म्हणाली, "अख्खा रोल स्कॅन करतो. त्या गाजलेल्या फोटोच्या आधीचे फोटोही आता घरबसल्या बघता येतील."

पडद्यावर पहिला फोटो आला. नदीकाठची ओली पायरी, तिला घट्ट धरलेली लहान बोटं आणि फोटोच्या खालच्या कडेतून आत येऊन बोटांना टेकलेलं बुटाचं टोक. मुलीचा चेहरा मात्र अर्धाच आला होता. मग दुसरा आला. बूट दिसेनासा झाला होता. मुलगी अजून पायरी धरूनच होती, पण आता चेहऱ्यासकट नीट चौकटीत बसली होती.

फोटोग्राफरने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

म्हातारीने आवाज चढवला नाही. पडद्यावरची नजरही काढली नाही.

"दादा, ती अख्खी मावावी म्हणून मागे सरकलात ना?"